एका शेताचे बावन्न रविवार

हौशी चित्रकार म्हटलं, की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘तुमची प्रदर्शनं भरतात का?’ हा पहिला. आणि ‘मग लडाख, राजस्थान करून आलात का?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं, ‘नाही.’ दुसऱ्याचं उत्तर जरा लांबलचक आहे. आज तेच तुमच्यापुढे मांडायचं आहे.

मी भिसेगावची. भिसेगाव म्हणजे कर्जत स्टेशनाला अगदी लागून. मुंबई-पुण्याचे प्रवासी कर्जत ओळखतात ते बटाटेवड्यामुळे आणि गाडीला मागून जोडल्या जाणाऱ्या इंजिनांमुळे. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. तिथला चढ ३७ फुटांना १ फूट इतका खडा. पुढच्या इंजिनाला तो एकट्याने झेपत नाही. म्हणून गाडी इथे थांबते, मागे जादा इंजिनं लागतात, तोवर वडा खाऊन होतो आणि गाडी निघते. असं हे जाता जाता बघण्याचं गाव. इथे राहणाऱ्यांचंही पुष्कळदा तसंच होतं. पहाटेची लोकल, रात्रीची लोकल, आणि दाराशी असलेला डोंगर बघायचा राहून जातो.

माझ्या छंदाची सुरुवात त्या डोंगरापासूनच झाली. आमच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे, ढाक आणि राजमाचीच्या बाजूची. पश्चिमेला माथेरानचं पठार. सकाळी सूर्य या भिंतीच्या मागून वर येतो. त्यामुळे बराच वेळ ती नुसती निळसर काळी दिसते, तिच्यावरची एक घळ ओळखू येत नाही. त्याच वेळी समोर माथेरानच्या कड्यावर कोवळं ऊन पडलेलं असतं आणि प्रत्येक खाच मोजून घ्यावी इतकी स्पष्ट असते. दुपारी चारनंतर सगळं उलटं होतं. म्हणजे वही घेऊन बसायचं, तर सकाळी पश्चिमेकडे तोंड करून आणि संध्याकाळी पूर्वेकडे. बहुतेकजण मोबाइल घेऊन सूर्योदय-सूर्यास्ताकडे वळतात, तेव्हा खरा उजळलेला डोंगर त्यांच्या पाठीशी असतो. हे मला कुठल्या वर्गात कोणी सांगितलं नाही. त्याच पारावर रोज बसून कळलं.

दुसरा वर्ग भरायचा लोकलमध्ये. कर्जत ते मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर १०० किलोमीटर, वेळ दोन तासांच्या आसपास. नोकरीची बरीच वर्षं मी हा प्रवास केला. कर्जतहून सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळतं, हे आमचं नशीब. बदलापूर आलं की गर्दीत वही उघडता येत नाही. तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासात जे होईल ते चित्र. पर्समध्ये मावेल एवढी वही आणि साधं बॉलपेन. बॉलपेन अशासाठी, की खोडता येत नाही. चुकलेली रेघ तशीच ठेवून पुढे जावं लागतं. गाडी हलते, तशी रेघही हलते. काही दिवसांनी ती हलती रेघच आवडायला लागते. मी चेहरे फारसे काढत नसे. झोपलेल्या बाईला न विचारता तिचा चेहरा काढणं बरं वाटत नाही. हात काढायची. मेथी निवडणारे हात, वेणीत गजरा माळणारे हात, दांड्याला धरलेले आणि तसेच पेंगणारे हात. एका वर्षात अशा पाच वह्या भरल्या.

आता त्या शेताकडे येते. आमच्याकडून घाट चढून गेलं, की लोणावळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दादासाहेब फाळके तिथे छपाईच्या व्यवसायात होते. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ हा १९१३ चा चित्रपट काढण्याआधी, भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी एक लहानसा प्रयोग केला. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज एकेक चित्र घेतलं. पडद्यावर तो दाणा मिनिटभरात अंकुरला आणि त्याचं रोप झालं. या प्रयोगाला ना परदेशातला देखावा लागला, ना नटनट्या. लागला तो एक दाणा आणि रोज न चुकता हजर राहणारा माणूस.

हे वाचल्यावर मी ठरवलं, की आपण असं एक शेत धरायचं. गावाच्या कडेला भाताचा एक तुकडा होता. मालकांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, भाताचा काय फोटो काढायचा? भात सगळीकडं सारखाच.” तरी परवानगी दिली. बांधावरच्या एका दगडावर उभं राहायचं, समोरचं आंब्याचं झाड चौकटीच्या डाव्या कडेला धरायचं आणि रविवारी सकाळी आठला एकच फोटो घ्यायचा, असा नेम केला. ऊन असो, पाऊस असो, घरी पाहुणे असोत.

मे महिन्यात राब भाजल्याचे काळे पट्टे. जूनच्या पहिल्या पावसानंतर त्या काळ्यावर रोपांचा हिरवा पोपटी तुकडा, बाकी सगळी नांगरलेली माती. जुलैत लावणी झाली, की शेत म्हणजे आरसाच. त्यात आभाळ जास्त आणि भात कमी. श्रावणात हिरवा रंग इतका दाट होतो, की बांधही दिसेनासे होतात. दसऱ्याच्या सुमाराला पिवळट झाक येते आणि दिवाळीच्या आसपास कापणी होऊन नुसता खुंट उरतो. लोकांना वाटतं, आता संपलं. पण मातीत ओल असते, तिच्यावर वाल येतो आणि थंडीत तोच तुकडा पुन्हा हिरवा होतो. बावन्न फोटो ओळीने लावले, तेव्हा एकही दुसऱ्यासारखा नव्हता.

ते छापून मी मालकांना दाखवायला नेले. मला वाटलं होतं, ते रंग बघतील. त्यांनी तारखा बघितल्या. “या साली लावणी आठ दिवस उशिरा झाली बघा. आणि हा इथं पाऊस पडून भात लोळला.” एकेका फोटोत ते मला न दिसलेलं दाखवत गेले. ‘भात सगळीकडं सारखाच’ म्हणणारा माणूस एका तुकड्यातले पाच फरक सांगत होता. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, तिथे तयार झालेल्या वाणांना आमच्या गावाचंच नाव आहे, कर्जत-३, कर्जत-७ असं. तेव्हा या मातीला भातातला फरक कळतो हे खरंच.

दोन वर्षांनी त्या तुकड्याभोवती सिमेंटचे खांब आणि तार आली. आता तिथे बंगल्यांचे प्लॉट आहेत. जमीन विकण्याची कारणं ज्याची त्याला माहीत असतात; त्यावर मी बोलणं बरोबर नाही. पण मालक एकदा घरी आले आणि ते बावन्न फोटो मागून घेऊन गेले. नातवाला दाखवायचे होते. त्या दिवशी माझ्या छंदाला एक जबाबदारी आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं.

प्रयोगही असेच घरचे. माथेरानहून उतरताना चपलांना जी लाल माती चिकटते, तेवढीसुद्धा रंगाला पुरते. ती पाण्यात कालवायची, फडक्यातून गाळायची, खाली बसू द्यायची. वरचं पाणी ओतून उरलेला गाळ वाळवून खलायचा आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात, मधाचे दोन थेंब घालून घोटायचा. असा रंग दुकानात मिळत नाही. शेतातल्या काळपट मातीचा तपकिरी होतो, दिव्याच्या काजळीचा काळा. पळसाची फुलं उकळून सुंदर पिवळा मिळाला, पण खिडकीत ठेवलेल्या चित्रावरून तो थोड्याच दिवसांत उडाला. फुलापानांचे रंग उन्हात टिकत नाहीत, मातीचे टिकतात.

फोटोंसाठीही एक नियम केला. पूर्वी कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल असे आणि तो धुण्याचा खर्च आठवला की बोट आपोआप आवरायचं. आता मोबाइलवर एका सहलीत चारशे फोटो निघतात आणि घरी आल्यावर चार बघितले जात नाहीत. म्हणून एका फेरीत बाराच फोटो. तेरावा दिसला, तर वहीत रेखाटायचा. या एका नियमाने माझं बघणं जितकं सुधारलं, तितकं महागड्या भिंगानेही सुधारलं नसतं.

प्रवास म्हणाल, तर तेही जवळचेच. उन्हाळ्यात सगळा तालुका करपलेला असताना राजनाल्याच्या बाजूला हिरवं भात दिसतं. मावळातल्या धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजघरात उतरतं आणि वीज करून झाली की तेच पाणी कालव्यातून शेताला मिळतं. हे वीजघर १९२२ पासूनचं. एप्रिलमधला तो हिरवा रंग पावसाळी हिरव्यापेक्षा वेगळा असतो. त्याच्या भोवती पिवळं गवत असल्यामुळे तो डोळ्यांत भरतो.

आणि कोंढाणे लेणी. कोंदिवड्याहून रानातून चढून गेलं, की राजमाचीच्या पायथ्याशी दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यगृह लागतं. लाकडी कमानींची हुबेहूब नक्कल दगडात केलेली. दर्शनी बाजूला एका मोठ्या मूर्तीचा डोक्याकडचा भाग तेवढा उरला आहे, चेहरा झिजलेला. शेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरली आहे. तिचा अर्थ असा, की कन्हाचा शिष्य बलक याने हे केलं. त्या काळच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं पुष्कळ सापडतात. हातात छिन्नी धरणाऱ्याचं नाव सापडणं फार दुर्मीळ. बलकाने आपल्या नावाआधी गुरूचं नाव लिहिलं, हेही बघण्यासारखं. हल्लीचे काही पर्यटक तिथे कोळशाने आपली नावं लिहून येतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की बलकाने आधी मूर्ती घडवली होती.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे, तिकडे येते. शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगड आहे. त्याच्या सुळक्याला आरपार नेढं आहे, त्यामुळे डोंगर भटक्यांचा आणि फोटो काढणाऱ्यांचा तो लाडका. गडावर जाणारी वाट इर्शाळवाडीतून जायची. ठाकर समाजाची ही वाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि काही दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाचलेल्यांसाठी पुढे चौकजवळ नवी वसाहत बांधण्यात आली.

त्यानंतरच्या दिवसांत अनेकांनी आपापले जुने फोटो काढून बघितले. सुळका प्रत्येकाकडे होता, वेगवेगळ्या ऋतूंतला. वाडी मात्र कुठे कोपऱ्यात, कुठे अर्धं कौल, कुठे धूसर मागची भिंत. जिने पाणी दिलं तिचं घर कोणतं, ओट्यावर बसलेल्या आजीचं नाव काय, हे सांगता येईल असे फोटो थोडेच निघाले असतील. सुळका आजही जागेवर आहे. तो उद्याही काढता येईल.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ साली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे पेशाने डॉक्टर, पण त्या सुरुवातीच्या काळात कॅमेरा हाती घेणाऱ्या भारतीयांपैकी एक. गो. नी. दांडेकर लेखक म्हणून मोठे, पण किल्ल्यांवर पुन्हा पुन्हा जाऊन त्यांनी केलेली छायाचित्रणाची हौसही तितकीच मोठी. हौशी माणसाजवळ एक गोष्ट असते, जी व्यावसायिकाला परवडत नाही. त्याला त्याच जागी पन्नासदा जाता येतं. कोणी पैसे देत नाही, त्यामुळे कोणी घाईही करत नाही.

म्हणून श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणाला अशी हौस असेल, तर चार गोष्टी सुचवते. घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा धरा आणि वर्षभर सोडू नका. फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. मागच्या बाजूला तारीख, जागा आणि त्याच्या परवानगीने त्याचं नाव लिहा. मोबाइलमध्ये ठेवू नका, छापून घ्या आणि एक प्रत त्याला नेऊन द्या. आमच्या भागातल्या वाड्यांवर अशी कितीतरी घरं आहेत, जिथे आजी-आजोबांचा एकही फोटो नाही. मी हल्ली महिन्यातून एकदा वाडीवर जाते, तेव्हा पिशवीत रंगांच्या डबीबरोबर छापलेल्या फोटोंचं पाकीट असतं. मुलं धावत येतात, पाकीट ओढून घेतात आणि कोण कोणाचं हे मला न विचारताच वाटूनही टाकतात.