स्वागताध्यक्षीय भाषण : उपकरणांची गणिती प्रतिमाने



भाताच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या घोटीत भरलेल्या या परिषदेत स्वागत समिती सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करीत आहे. शेजारच्या इगतपुरीत मुंबईकडील रेल्वेची १,५०० व्होल्टची एकदिश वीज अनेक दशके संपत असे आणि पुढे २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज सुरू होई. त्या प्रत्यावर्ती विजेच्या तारेखालच्या जुन्या इंजिनांत मोटरला देण्यापूर्वी ती वीज सिलिकॉनच्या डायोडांकरवी पुन्हा एकदिश केली जात असल्यामुळे, डायोडसारख्या उपकरणांच्या प्रतिमानांचा आजचा विषय या परिसराला परका नाही.

संगणकाला सिलिकॉन कळत नाही, समीकरणे कळतात. म्हणून उपकरणातील विद्युत्दाब आणि प्रवाह यांचे नाते सांगणारी जी समीकरणे व स्थिरांक त्याला पुरवले जातात, त्यांनाच प्रतिमान म्हणजे मॉडेल म्हणतात. आदर्श डायोडच्या प्रतिमानानुसार सामान्य तापमानाला दाब सुमारे ६० मिलिव्होल्टने वाढला की प्रवाह दहापट होतो. प्रत्यक्षातील डायोड मात्र जास्त प्रवाहाला अंगच्या रोधामुळे हा नियम सोडतो, आणि दाब उलटल्यावरही साठलेला विद्युत्भार निघून जाईपर्यंत क्षणभर उलट प्रवाह वाहू देतो. हा क्षण प्रतिमानात नसेल, तर वेगाने उघडझाप करणाऱ्या विद्युत्मंडलातील उष्णतेचा अंदाज कमी येतो आणि पडद्यावर निर्दोष दिसणारे मंडल कामाला लावताच जळू शकते.

अशी प्रतिमाने वापरणारी, बर्कली येथे घडलेली ‘स्पाइस’ ही मंडल-विश्लेषणाची आज्ञावली १९७३ साली जगापुढे आली. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईचे प्रा. महेश पाटील यांनी ‘सीक्वेल’ ही आज्ञावली विकसित केली आणि घटकांची समीकरणे स्वतः लिहिण्याची मुभा वापरणाऱ्याला दिली. त्याच संस्थेच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने घडवलेली ‘ई-सिम’ ही मुक्त आज्ञावली विनामूल्य मिळत असल्याने तालुक्याच्या महाविद्यालयालाही परवान्याच्या खर्चाची धास्ती उरलेली नाही.

साधने अशी हाताशी आल्यावर, तयार प्रतिमान डोळे झाकून न स्वीकारता ते कोणत्या तापमानापर्यंत आणि कोणत्या वेगापर्यंत खरे ठरते, हे प्रयोगशाळेत मोजून पाहण्याची शिस्त विद्यार्थ्यांच्या अंगी बाणणे, हेच खरे शिक्षण होय. या परिषदेतील चर्चेतून त्या शिस्तीला बळ मिळावे, अशी मनापासून अपेक्षा व्यक्त करून आणि परिषदेस सुयश चिंतून स्वागत समिती अध्यक्षमहोदयांना कार्यारंभाची विनंती करीत आहे.