ऐकणाऱ्याचे व्याकरण

लालबर्रा हे बालाघाट जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बोलींची वाटणी मात्र अशी होत नाही. या भागात हिंदी, पोवारी आणि मराठी शेजारी शेजारी नांदतात. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) बालाघाटच्या मराठीची 'मऱ्हेटी' या नावाने नोंद आहे.

अशा घरातील मूल गोंदियाकडच्या मराठी शाळेत गेले आणि शुद्धलेखनात त्याने 'पानी' लिहिले, की वर्गात हशा पिकतो. हसणाऱ्यांनी क्षणभर आपल्याच बोलण्याकडे कान द्यावा. 'पाच जण' घाईने उच्चारले की 'पाज्जण' होते. 'एक गाव'चे 'एग्गाव' होते आणि 'हात धुतले'चे 'हाद्धुतले'. तरीही 'एग' म्हणजे काय, असे कोणी विचारीत नाही.

याचे कारण उघड आहे. येथे ध्वनी बदलतो तो शेजारच्या ध्वनीमुळे, आणि तो शेजारी कानाला ऐकू येतच असतो. पुढच्या 'ग'मुळे 'क'चा 'ग' झाला, हे ओळखून कान मूळ शब्द परत मिळवितो. 'एक पान' म्हणताना असे कारण नसते. तेथे कोणी 'एग पान' म्हटले तर ऐकणारा अडखळतो. वाक् आणि देवी मिळून वाग्देवी होते, हा संधी संस्कृत वैयाकरणांनी फार पूर्वीच सांगितला. ऐकणारा तोच नियम उलट्या दिशेने चालवितो.

हा शेजार तोडला तर काय होते? १९६४ साली पोलॅक आणि पिकेट या संशोधकांनी सहज संभाषणाच्या ध्वनिमुद्रणातून सुटे शब्द कापून ऐकविले. श्रोत्यांना त्यांपैकी सुमारे निम्मेच ओळखता आले.

'पानी'चा बदल निराळा आहे. तो शेजारच्या ध्वनीमुळे होत नाही, बोलीच्या रीतीने होतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील बोलींत 'ण'च्या जागी 'न' येतो. परक्या कानाला ही रीत सरावाने कळते. चार दिवस लक्षपूर्वक ऐकले की अर्थ कोठेच अडत नाही.

म्हणून शिक्षकाने 'ण' कोठे लिहावा हे अवश्य शिकवावे. परंतु मुलाचा कान सदोष आहे, असे समजू नये. घरी जे ऐकले तेच त्याने इमानाने लिहिले आहे. हशा ऐकून मूल एकदा गप्प बसले, म्हणजे त्याला प्रमाण मराठीही शिकविणे कठीण होते.