फोड नव्हे, ग्रंथी

वर्षभराचा आढावा अध्यक्षानं घ्यावा असा रिवाज आहे. इम्प्लांट, थ्री-डी स्कॅन, जबड्याच्या शस्त्रक्रिया यांवर दोन दिवस चर्चा होणारच आहे. तो आढावा त्या सत्रांवर सोपवतो आणि माझा वेळ वाटाण्याएवढ्या एका फुगीला देतो. खालच्या ओठाच्या आतला म्यूकोसील.

आपण त्याला बिनदिक्कत सिस्ट म्हणतो, आणि माझं भांडण तिथूनच सुरू होतं. सिस्टला स्वतःचं अस्तर असतं. ओठावरच्या बहुतेक म्यूकोसीलना ते नसतंच. सुळा रुततो किंवा मूल ओठ चावत बसतं, बारीक लाळग्रंथीची नळी तुटते, लाळ आजूबाजूला झिरपते आणि शरीर तिच्याभोवती ग्रॅन्युलेशन टिश्यूचं कुंपण घालतं. नळी तुंबल्यामुळेच हे होतं ही समजूत १९५६ मध्ये सुरिंदर भास्कर आणि सहकाऱ्यांच्या उंदरांवरील प्रयोगांनी खिळखिळी केली. नळी बांधली तर असा साठा झाला नाही. तोडली तर झाला. नळी तुंबून झालेली, अस्तर असलेली गाठही असते, पण ती बहुधा प्रौढांत, आणि ओठावर क्वचितच. मग निळसर फुगीला सुई टोचून अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट द्रव काढला, तर नेमकं काय साधलं? नळ गळतो आहे आणि आपण फरशी पुसून घरी निघालो. फुगी परत येते ती यामुळे. काढायची ती ग्रंथी. आणि जखमेत डोकावणारे शेजारचे साबुदाण्यासारखे दाणेही, कारण टाका घालताना सुई त्यांतूनच गेली की दुसरी गळती आपणच सुरू केलेली असते.

‘आमच्याकडे नुसती फोडलेली परत येत नाही,’ असं प्रत्येक परिषदेत कोणीतरी सांगतंच. परत येत नाही ती फुगी की तो पेशंट, हे आधी पाहायला हवं. ज्याची पुन्हा आली तो दुसरा दवाखाना गाठतो आणि पहिल्या दवाखान्याच्या वहीत बरा झालेला म्हणून राहतो. अनुभवाची ही वही कितीही जाड असली तरी पुरावा ठरत नाही. लहान मुलांबाबतचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. वरवरचे फोड आपोआप फुटून बसतात, काही आठवडे थांबण्यात काही बिघडत नाही. घाबरलेल्या मुलाच्या फुगीतून रेशमी धागा ओवून आठवडाभर ठेवण्याची पद्धतही वाजवी आहे. पण ही सवलत आहे, तो नियम करू नये. ओठ बधिर होईल ही भीतीही खरी आहे, मेंटल नर्व्हच्या फांद्या तिथेच पसरलेल्या असतात. म्हणून छेद उभा घ्यायचा आणि आतलं काम कात्री न चालवता, बोथट हत्यारानं ऊती बाजूला सारत करायचं. पण ग्रंथी मागे ठेवणं हा त्या भीतीवरचा इलाज नाही.

लेझरवाल्यांशी माझा वाद रक्तस्रावावरून नाही. तो कमी होतो, कबूल. लेझरनं गाठ कापून काढलीत तर तपासणीला काही उरतं, वाफ करून टाकलीत तर काय पाठवणार? वरच्या ओठावरची घट्ट गाठ म्यूकोसील असण्यापेक्षा लाळग्रंथीचा ट्यूमर असण्याची शक्यता जास्त. खालच्या ओठावर असे ट्यूमर विरळ, पण तिथे जे होतात त्यांत कर्करोगाचं प्रमाण अधिक, आणि म्यूको-एपिडर्मॉइड कार्सिनोमा निळसर, मऊ फुगीचं सोंग छान वठवतो. तंबाखूच्या या मुलखात गालावरच्या पांढऱ्या चट्ट्याकडे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो आणि ओठातून काढलेला तुकडा मात्र कापसाबरोबर बादलीत टाकतो. खर्चाची सबब सांगितली जाते. पण दहा टक्के फॉर्मालिनची बाटली महाग नसते, आणि तपासणीची फी पेशंटला आधी सांगितली तर तो अवाक होत नाही. फी सांगायला आपणच लाजतो, कारण ‘साधा फोड आहे’ हे वाक्य आपण आधीच बोलून बसलेलो असतो.

तेव्हा राज्यभरातून काढलेल्या गाठींची एक नोंद करू या: ओठ कोणता, काय केलं, अहवाल काय आला, आणि वर्षानंतर फोन केला तेव्हा पेशंट काय म्हणाला. फॉर्म कोण करणार, फोन कोण लावणार हे अजून ठरायचं आहे. कार्यकारिणीपुढे विषय मांडतो. चहा आलेला दिसतो.