व्यवसायोपचाराची तात्त्विक बैठक

नागपूरच्या सदर बाजारांतून उत्तरेकडे छिंदवाड्याच्या वाटेनें निघालें असतां मनोरुग्णालय लागतें. १८६४ सालीं स्थापन झालेली ही संस्था. तिच्यावरून जवळच्या चौकाला जें नांव पडलें तें लोकांच्या तोंडून अजूनहि जात नाहीं. तें येथें न उच्चारलेलेंच बरें. इंग्रजी अमदानींत हिंदुस्थानांतील अशा इस्पितळांतून रुग्णांकडून बागकाम, विणकाम इत्यादि करून घेण्याचा परिपाठ असे, आणि वार्षिक अहवालांत त्या श्रमांचें उत्पन्न रुपये-आण्यांत मांडलें जाई. कामानें रुग्णाचें चित्त ठिकाणावर राहतें, असेंहि तेच अधिकारी लिहीत. आतां, ज्या कामानें संस्थेचा खर्च भागतो त्याला औषध म्हणावें कीं वेठ? व्यवसायोपचार या शास्त्राचा सारा पाया या एका प्रश्नाच्या उत्तरांत आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

'व्यवसाय' या शब्दानें मात्र घोटाळा होतो. रोग्याला सुतारकी किंवा शिवणकाम शिकवून पोटाला लावणें, एवढाच अर्थ पुष्कळांच्या मनांत येतो. गीतेंत हा शब्द निश्चयाच्या अर्थानें आला आहे, आणि तो अर्थ येथें अधिक शोभतो. मन आणि शरीर ज्यांत मिळून गुंततात, अशी कोणतीहि हेतुपूर्वक कृति म्हणजे व्यवसाय. अंगरख्याचीं बटणें लावणें हाहि व्यवसायच, आणि बुद्धिबळें खेळणें हाहि.

या विचाराची पहिली सुसंगत मांडणी अॅडॉल्फ मायर यांची. जन्मानें स्विस असलेले हे मनोविकारशास्त्रज्ञ अमेरिकेंतील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत प्राध्यापक होते. १९२१ सालीं बाल्टिमोर येथें भरलेल्या परिषदेंत त्यांनीं या उपचाराच्या तत्त्वज्ञानावर भाषण केलें. पुढील वर्षीं तें छापून निघालें. मनोविकार ही केवळ मेंदूची व्याधि नसून जगण्याची घडी विसकटणें आहे, असें त्यांचें प्रतिपादन. काम, खेळ, विश्रांति आणि झोंप यांचा ताल राखूनच मनुष्य स्वस्थ राहतो; तो ताल उपदेशानें परत येत नाहीं, प्रत्यक्ष करण्यानें येतो. म्हणून रुग्णाला हुकूम द्यावयाचा नाहीं, संधि द्यावयाची. वेठ आणि उपचार यांतील भेद येथें उघड होतो. कृति तीच असेल, परंतु ती कोणाच्या इच्छेनें चालली आहे आणि तिचें फळ कोणाच्या जीवनांत पडतें, यावर सर्व अवलंबून आहे.

आपल्याकडे ही विद्या आणली ती कमलाबाई निंबकर यांनीं. त्या मूळच्या अमेरिकन, क्वेकर पंथाच्या एलिझाबेथ लंडी. याच पंथाच्या विल्यम ट्यूक यांनीं १७९६ सालीं इंग्लंडांत यॉर्क येथें मनोरुग्णांसाठीं आश्रम काढून सांखळ्यांऐवजीं सौजन्य आणि उद्योग यांवर भर दिला होता, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १९५० सालीं कमलाबाईंनीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत देशांतील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. १९५२ सालीं जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हां त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. पुढें नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतहि हें शिक्षण मिळूं लागलें.

मध्यंतरीं हें शास्त्र थोडें वाट चुकलें. वैद्यकांत मान मिळावा म्हणून स्नायूंचें बळ आणि सांध्यांचे कोन मोजण्यांत उपचारक गढून गेले. मोजमाप हवेंच, पण मोजणाऱ्याला माणूस दिसेनासा झाला. १९६१ सालीं अमेरिकेंत मेरी राय्ली यांनीं आपल्या व्याख्यानांत या धंद्याला त्याच्या मूळ श्रद्धेची आठवण करून दिली: मनाच्या आणि इच्छेच्या प्रेरणेनें हात चालवून मनुष्य स्वतःच्या आरोग्यावर परिणाम घडवूं शकतो.

पक्षाघातानें उजवा हात लुळा पडलेल्या एखाद्या गृहिणीचें उदाहरण घ्यावें. रबरी चेंडू शंभर वेळां दाबण्यास तिला कंटाळा येतो. मूठभर कणीक मळतांना तोच हात आपोआप चालतो. घरांतील मंडळी मात्र मध्यें पडतात. "एवढ्या सुना असतांना आजारी बाईनें परातीला हात कां लावावा?" या मायेनें तिचा हात दुखण्यापेक्षांहि अधिक निकामी होतो. पण याची दुसरी बाजूहि आहे. तिला स्वयंपाकाची गोडीच कधीं नसेल, जन्मभर तो तिनें निरुपायानें केला असेल, तर तीच कणीक पुन्हां वेठ ठरेल. कदाचित् तिला दूरच्या मुलीला स्वहस्तें पत्र लिहावयाचें असेल, किंवा पेटीवर बोटें फिरवावयाचीं असतील. आणि ज्याच्या हातापायांत कांहींच त्राण उरलें नाहीं, त्याचें काय? काम केल्याखेरीज माणसाला किंमत नाहीं, असें या शास्त्राचें म्हणणें नव्हे. तसें असतें तर तें क्रूर ठरतें. कोणती खिडकी उघडावी, आज कोणाशीं बोलावें, हें ज्याचें त्यानें ठरवणें हीहि कृतिच होय.

म्हणून जाणता उपचारक "काय दुखतें?" एवढें विचारून थांबत नाहीं. "सकाळीं उठल्यावर तुम्ही काय करीत होतां?" असें तो विचारतो. सोबत आलेले नातेवाईक पुष्कळदां रोग्याच्या आधींच उत्तर देतात, आणि तें बहुधा चुकीचें असतें.