अब्बांच्या शेरवानीचा वास

गेल्या ईदला माझ्या धाकट्या मुलाने पुण्याहून सेंटची बाटली आणली. खोक्यावर इंग्रजीत नाव होते, तंबाखूचे. मी म्हटले, अरे, जी वस्तू या घराने तीस वर्षांपूर्वी बाहेर काढली, ती तू अंगाला लावायला आणलीस? तो हसला आणि त्याने माझ्या मनगटावर एक फवारा मारला.

आधी लवंग आणि दालचिनी नाकात शिरली, थोडी झोंबलीसुद्धा. पाच-दहा मिनिटांनी तो तिखटपणा खाली बसला आणि सुकलेल्या पानाचा, काकवीचा, जुन्या लाकडी पेटीचा असा मिळून एक ऊबदार वास वर आला. मी बीडच्या आमच्या जुन्या घरात अब्बांच्या शेरवानीला नाक लावून उभा होतो.

अब्बा पानात किवाम खात. तंबाखूची पाने उकळायची, गाळायची, तो अर्क आटवून काकवीसारखा दाट करायचा आणि त्यात वेलची, केशर, केवडा घालायचा, तो किवाम. काडीच्या टोकावर येईल एवढाच पानाला लावायचा. त्याची डबी शेरवानीच्या खिशात असे आणि कानात अत्तराचा फाया. उन्हाळ्यात खस, थंडीत शमामा. शहेनशाह वलींच्या दर्ग्याच्या उरुसात अत्तरवाल्याकडे ते अर्धा तास रेंगाळत. शमामा हे एका फुलाचे अत्तर नव्हे. जटामांसी, नागरमोथा, दगडफूल, लवंग, जायफळ, वेलची असा मसाल्याचा अख्खा डबाच कनौजचे कारागीर तांब्याच्या देगेत उकळतात आणि त्याची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. अत्तरवाले त्याला ‘गरम’ अत्तर म्हणतात. मुलाच्या बाटलीतला वास या शमाम्याचा आणि किवामाचा चुलतभाऊच होता.

आता आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला तंबाखूचा वास सांगायला नको. ऊसतोडीला निघालेल्या माणसाच्या चंचीतली तंबाखू चुना लावून मळली की नाकात झोंबते. बाया मिसरी भाजायला बसल्या की शेजारीपाजारी खोकत सुटतात. हा वास कोणी बाटलीत भरून विकणार नाही! सेंटवाले ज्याला तंबाखू म्हणतात तो वास पानाच्या मुरण्याचा आणि त्याच्या सोबत्यांचा असतो. हुक्क्याच्या तंबाखूत गूळ मिसळतात, तसाच. विलायतेत हे काम पुष्कळदा टोंका नावाची बी करते. दक्षिण अमेरिकेतली ही काळी, सुरकुतलेली बी. वास सुक्या गवताचा आणि बदामाचा. पूर्वी ती तंबाखूला सुगंध देण्यासाठीच वापरत. तिच्यातले सुगंधी द्रव्य विल्यम पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले. पुढे १९१९ मध्ये पॅरिसच्या कॅरों कंपनीने तंबाखूच्या नावाचे अत्तर काढले, ते सिगारेट ओढू लागलेल्या बायकांना डोळ्यांपुढे ठेवून.

आणि ही तंबाखू मोगल दरबारात गेली ती आपल्या दख्खनमधून. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला होता, त्याने ती नेली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, पण हकिमाने नको म्हणून सांगितले. आमच्या घरात असा हकीम कोणी नव्हता.

१९९४ मध्ये अब्बांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला. दाताने घासले असेल म्हणून चार महिने गेले. औरंगाबादला दाखवले तेव्हा कर्करोग पुढे गेला होता. शेवटी त्यांचे तोंड बोटभरही उघडत नव्हते. खोलीत जो वास असे, त्याच्याविषयी मी तीस वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही, आजही सांगणार नाही. ते गेल्यावर अम्मीने घरातल्या सगळ्या डब्या गोळा केल्या आणि बिंदुसरेत टाकून आली. शेरवानी तेवढी ठेवली. पुढे २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली तेव्हा अम्मी म्हणाली, आमच्या घरात कधीच झाली.

तर त्या ईदला अम्मी आतून बाहेर आली आणि दारातच थांबली. “ये बास कहाँ से आई?” मी हात पुढे केला. तिने मनगट धरले, डोळे मिटून बराच वेळ वास घेतला. मग म्हणाली, “धो के आ.” मुलगा समजावू लागला, दादी, यात तंबाखू नाही, एका बीचा वास आहे, खाल्ले तर अपाय, लावले तर काही नाही. “मेरे को घर में नक्को,” एवढेच ती बोलली.

मला दोघांचेही पटते. बाटली मी टाकली नाही. शुक्रवारी नमाजला निघताना ती खिशात घेतो आणि गल्लीच्या कोपऱ्यावर गेल्यावर लावतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, चोरून सिगारेट ओढणाऱ्या पोरासारखा! घरी येताना हात धुतो, पण कपड्यावरचा वास पाण्याने थोडाच जातो. अम्मी काही बोलत नाही. बाकीचे कपडे ती त्याच दिवशी धुवायला काढते. शुक्रवारचा सदरा मात्र दोन दिवस खुंटीवरच असतो.