अपारक : अडवणारा की पोचवणारा?



मी साहित्याचा प्राध्यापक. आज मात्र भौतिकशास्त्रातल्या एका शब्दाविषयी बोलणार आहे. निमित्त भैंशातल्या माझ्या घरी घडलं. पंखा मंदावला. कारागीर म्हणाला, "कंडेन्सर गेला," आणि त्यानं नवा बसवला. दहावीपर्यंत मराठीतून शिकून आता इंग्रजीतून बी. एस्सी. करणारा माझा एक विद्यार्थी तिथे होता. जुनी डबी हातात घेऊन तो म्हणाला, "सर, यातल्या फिल्मला डायइलेक्ट्रिक म्हणतात. व्याख्या पाठ आहे. पण आईला सांगायचं तर काय सांगू?"

मी कोश उघडला. मराठीत शब्द आहे : 'विद्युत् अपारक'. वीज पार जाऊ न देणारा. पण मग निव्वळ अडवणाऱ्या वस्तूचा उपयोग काय?

मूळ शब्दाची कथा इथे उपयोगी पडते. 1830 च्या दशकात मायकेल फॅरडे यांना या पदार्थांसाठी नाव हवं होतं. त्यांनी ते विल्यम ह्यूएल या विद्वानाकडे मागितलं. ह्यूएल यांनी ग्रीक 'डाय' घेतला, म्हणजे आरपार. मराठी शब्द म्हणतो पार नाही, ग्रीक शब्द म्हणतो आरपार. आणि दोन्ही खरे! फिल्ममधून विद्युतभार पलीकडे जात नाही, पण त्याचा प्रभाव जातो. त्या प्रभावानं फिल्ममधले धन आणि ऋण भार किंचित सरकतात, रेणू वळतात आणि ऊर्जा साठते.

पंख्याच्या कंडेन्सरमध्ये बहुधा पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते. तिचा अपारकांक सुमारे 2.2. पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड या फ्लोरिनयुक्त बहुवारिकाचा सुमारे 10. त्याच्या साखळीत फ्लोरिन ऋण बाजू धरतो, हायड्रोजन धन. म्हणून रेणू विद्युतक्षेत्रात जोरानं वळतात आणि साठा वाढतो. अडचण परतफेडीची आहे. क्षेत्र काढलं तरी वळलेले सगळे रेणू माघारी येत नाहीत. घेतलेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो. म्हणून संशोधक त्यात दुसरं बहुवारिक मिसळतात. अ‍ॅक्रिलिक काचेचं बहुवारिक त्याच्याशी चांगलं एकजीव होतं. अपारकांक थोडा उतरतो, पण नासाडीही कमी होते. मिश्रण एकजीव झालं नाही, तर मात्र दुबळ्या जागी फिल्म फाटण्याचा धोका असतो. किती साठवलं याबरोबर किती परत दिलं, हेही मोजावं लागतं.

मित्रहो, आमच्या भागात निजामी काळात शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1956 नंतर राज्यकारभार तेलुगूत आला. घरात मराठी राहिली आणि विज्ञान इंग्रजीत गेलं. मिसळणीची आम्हाला भीती नाही. 'कंडेन्सर' खुशाल राहू द्या, 'धारित्र'ही राहू द्या. पण आमची मुलं व्याख्या साठवतात आणि परीक्षेबाहेर ती परत देऊ शकत नाहीत. ही नासाडी कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

म्हणून परिभाषा घडवणाऱ्यांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. शब्द द्या, आणि त्याच्यासोबत दोन साधी वाक्यंही द्या. त्या मुलाला मी सांगितलं, "आईला म्हण, हा असा पडदा आहे, जो माणसाला जाऊ देत नाही, पण हाक पोचवतो." तो हसला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "सर, आईनं विचारलं, मग हाक साठते कुठे?"

हा प्रश्न आईनं मराठीत विचारला होता. विज्ञान तिथूनच सुरू होतं.