पुन्हा न विचारलेला प्रश्न



मी भूलतज्ज्ञ आहे. माझं आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये गेलं. पण आज मी तुम्हाला एका विमान अपघाताबद्दल सांगणार आहे. स्नेहसंमेलनात हा विषय जड वाटेल, तरीही सांगतो, कारण अकरावी-बारावीच्या वर्गात रोज जे घडतं त्याच्याशी त्याचं जवळचं नातं आहे.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक टेनेरिफ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाला, म्हणून तिकडे निघालेली विमानं टेनेरिफच्या लहानशा विमानतळावर उतरवली गेली. त्यांत दोन अजस्र बोइंग ७४७ होती, एक डच कंपनी केएलएमचं आणि दुसरं अमेरिकेच्या पॅन ॲमचं. दुपारी दाट धुकं उतरलं. केएलएमचं विमान धावपट्टीच्या एका टोकाला उड्डाणासाठी उभं होतं आणि पॅन ॲमचं विमान त्याच धावपट्टीवरून हळूहळू समोर येत होतं. धुक्यामुळे दोन्ही विमानं एकमेकांना दिसत नव्हती.

केएलएमचे कॅप्टन साधेसुधे नव्हते. ७४७ उडवणाऱ्या वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे ते प्रमुख होते. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचाच फोटो असे. त्यांनी इंजिनांचा वेग वाढवायला घेतला, तेव्हा सहवैमानिकाने आठवण करून दिली की अजून परवानगी आलेली नाही. कॅप्टन थांबले. मग नियंत्रण कक्षाकडून मार्गाची सूचना आली. ती उड्डाणाची परवानगी नव्हती, पण कॅप्टननी विमान पळवायला सुरुवात केली. या वेळी सहवैमानिकाने त्यांना अडवलं नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने रेडिओवरचं बोलणं ऐकून शंका काढली, की ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टननी ठामपणे सांगितलं, झालंय. त्यानंतर कुणीही पुन्हा विचारलं नाही. काही सेकंदांत दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली.

धुकं होतं, रेडिओवर दोन संदेश एकाच वेळी आल्याने महत्त्वाचे शब्द ऐकू आले नाहीत, सगळ्यांना निघायची घाई होती. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मला राहून राहून त्या कॉकपिटमधली शांतता आठवते. तिघंही एकमेकांपासून हाताच्या अंतरावर होते. तिघांची भाषा एक होती. शंका बरोबर होती आणि ती बोलूनही दाखवली होती. एवढ्या मोठ्या माणसाने 'हो' म्हटल्यावर पुन्हा 'नक्की का?' म्हणणं मात्र कुणाला जमलं नाही.

विमानवाहतुकीने यातून आणि अशाच इतर अपघातांतून धडा घेतला. १९७९मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा भरवली आणि १९८१मध्ये अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांसाठी वेगळं प्रशिक्षण सुरू केलं. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांनी कनिष्ठांना फक्त 'धीट व्हा' असं सांगितलं नाही. कॅप्टननाही शिकवलं, की शंका विचारून घेणं हे तुमचं काम आहे.

आमच्या थिएटरमध्येही अशीच उतरंड असते. सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, मग मावशी. एखादी गोष्ट खटकते ती नेमकी सिस्टरला, आणि मनात येतं, 'सरांना माहीत असेलच की.' या 'असेलच की'मध्ये रुग्णाचा जीव अडकलेला असतो. म्हणून २००८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी केली. त्यातला एक मुद्दा असा, की पहिला छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. एकदा तोंड उघडलं की माणसाला पुढे बोलणं सोपं जातं. ही यादी आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली, त्यांत दिल्लीही होती. मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय नाव सांगण्याला देता येणार नाही, यादीत इतरही महत्त्वाचे मुद्दे आहेत. पण सिस्टरचा आवाज सर्जनपर्यंत पोचण्याची सोय मुद्दाम करावी लागते, एवढं या यादीने दाखवून दिलं.

आता तुमच्या वर्गाकडे येऊ. सर फळ्यावर गणित सोडवतात, वळून विचारतात, 'कळलं ना?' आणि साठ मुलं एका सुरात म्हणतात, 'हो सर!' त्यातल्या कितीकांना कळलेलं नसतं. पण प्रत्येकाला वाटतं, बाकी सगळ्यांना कळलंय, मीच एकटा ढ. शेजारचाही तुमच्याकडे बघून हेच समजत असतो. आणि आपण उभे राहिलो तर सगळा वर्ग बघेल, ही भीती असते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असेल. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला होता. मित्रांनो, लोक आपल्याकडे आपल्याला वाटतं तेवढं बघत नाहीत.

पण काही वेळा बघतात, आणि हसतात. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसला, की ते मूल पुढे वर्षभर प्रश्न विचारत नाही. मी हे फार जवळून पाहिलं आहे. असं हसणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचंय: त्या मुलाची शंका कदाचित तुमचीही होती, आणि तिचं उत्तर आता तुम्हालाही मिळणार नाही.

शिक्षकांना एक प्रयोग सांगतो. १९९०मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ताल बोटांनी टेबलावर वाजवायला लावला. ऐकणाऱ्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी फक्त तीन ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. वीस वर्षं तोच धडा शिकवणाऱ्याच्या मनात तो धडा गाण्यासारखाच वाजत असतो. म्हणून 'कळलं ना?' ऐवजी एखाद्याला 'मी आत्ता काय सांगितलं, ते तुझ्या शब्दांत सांग' असं म्हणून पाहा. किती पोचलं ते लगेच समजेल.

आणि पालकांनो, किती घरांत मुलं आजही म्हणतात, 'आई, तू सांग ना बाबांना'? सायन्स नको, आर्ट्सला जायचंय, हे मूल आईला सांगतं, आई चांगला मूड बघून बाबांना सांगते, आणि बाबांचं उत्तर पुन्हा आईकरवी येतं. बाबा वाईट नसतात. त्यांना मुलाची काळजीच असते. पण 'उलट बोलू नकोस' हे वाक्य मुलाने पाचव्या वर्षी ऐकलेलं असतं आणि सतराव्या वर्षीही ते त्याच्या घशात अडकलेलं असतं. ते बाहेर काढणं मुलाला एकट्याला जमणार नाही. ज्याचा अधिकार मोठा, त्याने आधी दोन पायऱ्या खाली उतरायला हवं. कॅप्टन जे शिकले, ते बाबांनाही जमेल.

आता बक्षीस वितरण आहे. ते झाल्यावर मी लगेच निघणार नाही, ग्रंथालयात बसणार आहे. प्राचार्यांची परवानगी मी घेतली आहे. वैद्यकीय प्रवेशाबद्दल, भुलेबद्दल, अभ्यासाच्या भीतीबद्दल, घरी सांगता येत नाही अशा गोष्टीबद्दल, कशाबद्दलही विचारायचं असेल तर या. समोर बोलणं जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका. शिक्षकांनी आणि पालकांनी तेवढा वेळ बाहेर मैदानावर थांबावं, ही नम्र विनंती.